धाकटीचा बँड आणि मी

माझी धाकटी बहीण बेसूर आहे, हे आमच्या घरात सगळ्यांत आधी मी सांगितलं. मी पंधरा वर्षांची होते, ती दहाची. माजलगावात आमचे गुरुजी गाण्याचा क्लास घ्यायचे. आईच्या आग्रहाखातर मी एक दिवस तिला सोबत नेलं. गुरुजींनी पेटीवर सा धरला. धाकटी त्या स्वराच्या आजूबाजूला फिरत राहिली, कधी वर, कधी खाली, आणि मधेच हसायला लागली. गुरुजी भला माणूस. ते एवढंच म्हणाले, "अजून लहान आहे, पुढच्या वर्षी आण."

घरी येऊन मी सांगितलं, "गुरुजी म्हणाले, ही बेसूर आहे."

आई भाकरी थापत होती. आप्पा म्हणाले, "असू दे. एक गाती हाय, बास झालं."

ती गाणारी एक म्हणजे मी. दिंद्रुडच्या बाजूला आमची शेती आणि माजलगावात घर. आप्पा सोसायटीत, बाजार समितीत, पुढाऱ्यांच्या बैठकीत असायचे. कुणाचा सत्कार असो, कशाचं उद्घाटन असो, ईशस्तवन आणि स्वागतगीत माझं. मला दोन वेण्या घालून स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात पेटीपाशी बसवायचे. पाहुण्याचं नाव गाण्यात कसं बसवायचं, हे मला चांगलं जमायला लागलं होतं. नाव लांब असलं तर तान घ्यायची नाही, आखूड असलं तर घ्यायची. गाणं झालं की पुढारी आप्पांना म्हणायचे, "पोरगी लई गोड गाती." आप्पा मान खाली घालून हसायचे. धाकटी तेव्हा मंडपाच्या मागं जनरेटरपाशी उभी असायची. तिला तो आवाज आवडायचा. आम्ही हसायचो तिला.

पुढं मी विशारद झाले. लग्नही माजलगावातच, एका शिक्षकाशी झालं. घराच्या पुढच्या खोलीत मी क्लास सुरू केला. धाकटी कॉलेजात होती, आणि एक दिवस आईचा फोन आला की ती मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसते.

ते दुकान तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडलांचं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं येतात, आतली तार उसकटून नवी तार गुंडाळून देतात. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असे, त्या दिवशी शटर अर्धं ओढून धाकटी, तो मुलगा आणि आणखी एक पोरगा आत बसत. मी बघायला गेले. दुकानदाराच्या मुलाकडं एक जुनी गिटार होती. आवाज मोठा करायला तिच्यात बसवायची तारेची गुंडाळी त्यानं मोटारीच्याच बारीक तारेनं, दुकानातल्या यंत्रावर स्वतः केली होती. दुसरा मुलगा लग्नाच्या वरातीत हलगी वाजवणारा. त्यानं एक लोखंडी पिंप आणि ट्रॅक्टरच्या नांगराच्या दोन चकत्या टांगल्या होत्या. आणि धाकटीच्या हातात आप्पांच्या प्रचाराच्या जीपवरचा जुना भोंगा.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"नॉइज रॉक म्हणत्यात ह्याला," गिटारवाला म्हणाला. "जपानमदी, अमेरिकेत लई चालतंय, ताई. मी नेटवर ऐकलंय सगळं."

"आणि ही काय करणार?"

"ती गाती."

मला खरंच हसू आलं. मी टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "गा बरं."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. गिटार मोटारीसारखी घुमायला लागली, चकत्या कानात खुपायला लागल्या, आणि धाकटीनं भोंगा तोंडाला लावला. ती किंचाळली असं म्हणणं सोपं आहे, पण ते किंचाळणं नव्हतं. शेतातल्या शेवटच्या सरीतून बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसा काहीतरी आवाज होता, आणि तो संपत नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. मी त्याचं कारण मोठा आवाज असं ठरवलं आणि घरी येऊन आईला सांगितलं, "पोरकटपणा हाय. चार दिवसांत कंटाळतील."

ते कंटाळले नाहीत.

कॉलेजच्या गॅदरिंगमधे त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. त्याच गॅदरिंगला मी पाहुणी गायिका होते. मी दोन भावगीतं गायले, टाळ्या झाल्या. नंतर हे तिघं आले. तिसऱ्या मिनिटाला मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, पाचव्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या बायका कानावर पदर घेऊन उठल्या. प्राचार्यांनी हातानंच थांबवायची खूण केली. साउंडवाल्यानं माइक बंद केला. धाकटीला भोंगा होता, तिला माइकची गरज नव्हती. हलगीवाला पिंप बडवत राहिला आणि ती गात राहिली, आणि कुणीतरी मेन स्विच पाडून अंधार करेपर्यंत ते चाललं.

मी पहिल्या रांगेत होते. मला किती बरं वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळं गाव तिला हसत होतं आणि माझ्या पर्समधे नारळ नि शाल होती. पण ती स्टेजवरून खाली आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि इतकी खूष! "ताई, ऐकलं का? वीज गेल्यावर सगळं कसं एकदम गप्प झालं, ते ऐकलं का?" एवढं बोलून ती हलगीवाल्याकडं पळाली. स्वागतगीत संपल्यावर मी कधी अशी पळाले नव्हते. मी शाल नीट घडी करून घ्यायचे.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर काढून नेटवर टाकला. बरेच लोक खाली हसत होते. मीही लिहिलं. फुलाचं चित्र लावलेलं, माझं नाव नसलेलं एक खातं माझ्याकडं होतं, त्यावरून. लिहिलं, "षड्ज कशाशी खातात हे यांना माहीत नाही." लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. मला ते चांगलं जमलेलं वाटलं.

दोन महिन्यांनी पुण्याहून बोलावणं आलं. व्हिडिओ बघूनच कुणीतरी त्यांना एका छोट्या हॉलमधे वाजवायला बोलावलं होतं. आप्पा म्हणाले, "ताई संगं असंल तर जा." म्हणून मी गेले.

संध्याकाळचा कार्यक्रम. हॉलमधे खुर्च्या नव्हत्या, चाळीसेक माणसं उभी होती. कोपऱ्यात एका टेबलावर लिंबाचा चहा ठेवला होता. मी धाकटीची ओढणी, पाण्याची बाटली आणि माझी पर्स सांभाळत भिंतीला टेकून उभी राहिले. मनात गणित होतं, तिसऱ्या मिनिटाला शिट्ट्या, पाचव्या मिनिटाला उठाउठी.

कुणी हललं नाही. ती माणसं डोळे मिटून उभी होती. धाकटी भोंगा घेऊन आमच्या बोलीत ओरडत होती, "कावून? कावून? कावून?" म्हणजे 'का?' एवढाच शब्द, कधी विचारल्यासारखा, कधी दार ठोठावल्यासारखा. माझ्या शेजारी चष्मा लावलेली एक मुलगी होती, तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. वीस वर्षं मी गात होते. माझ्या गाण्यानं कुणी रडलेलं मला आठवत नव्हतं.

संपल्यावर त्या मुलीनं मला विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर आलात का?"

"मी तिची बहीण."

"अरे वा! तुम्हीपण गाता?"

"नाही," मी म्हणाले.

त्या उत्तराचं मलाच नवल वाटलं. परतीच्या बसमधे धाकटी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि मी बीड येईपर्यंत त्या एका 'नाही'चा विचार करत बसले. मी का म्हणाले असेन? पुढं तिनं विचारलं असतं, काय गाता, आणि मला स्वागतगीतं असं सांगावं लागलं असतं. म्हणून.

पंधरा दिवसांत त्यांना बंगळुरूहून बोलावणं आलं. हे मोठं होतं, तीन दिवसांचा महोत्सव, देशभरातले बँड. आप्पा माझ्या घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "तू बघून आलीस. कशी असत्यात गं ही ठिकाणं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला ते लिंबाच्या चहाचं टेबल आठवत होतं, डोळे मिटलेली ती माणसं आठवत होती. मी म्हणाले, "आप्पा, खरं सांगू का? तिथं सगळे पिऊनच येत्यात. मला तर लई भीती वाटली."

आप्पांनी पुढं काही विचारलं नाही. माझं बोलणं त्यांनी कधी तपासून पाहिलंच नव्हतं, कारण मी कधी खोटं बोलताना सापडलेच नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी धाकटीला सांगितलं, जायचं नाही. ती भांडली, जेवली नाही. बाकी दोघं म्हणाले, तिच्याशिवाय आम्ही जात नाही. ते बोलावणं गेलं.

मला वाटलं होतं, मला समाधान वाटेल. पहिले काही दिवस वाटलंही. मग ती माझ्याकडं यायला लागली. दुपारी यायची, क्लासच्या खोलीत सतरंजीवर पडून छताकडं बघायची. माझ्यावर तिचा काही संशय दिसत नव्हता. मी तिला शेंगदाण्याचा लाडू द्यायचे. ती तो अर्धा खाऊन ठेवून द्यायची, आणि मला तो अर्धा लाडू उचलताना कसंतरी व्हायचं. आठ महिने हे चाललं. मग एका सकाळी ती चिठ्ठी ठेवून पुण्याच्या एसटीत बसली. तिथं एका पुस्तकांच्या दुकानात कामाला लागली. मागोमाग गिटारवाला गेला, मग हलगीवाला.

त्यानंतरचा त्यांचा प्रवास मी सगळा मोबाइलवर पाहिला. नवरा विचारायचा, काय बघतेस एवढं? मी म्हणायचे, पाककृती. त्यांचा पहिला अल्बम आला. मग बंगळुरू, कोलकाता, शिलाँग. दुसऱ्या अल्बमवर इंग्रजीतून लेख आले. मी ते शब्दकोश घेऊन वाचायचे आणि त्यांच्यात तिच्याविरुद्ध एखादं वाक्य सापडतं का, ते शोधायचे. सापडलं की तो दिवस चांगला जायचा.

दुसऱ्या अल्बममधलं चौथं गाणं सगळ्यांत गाजलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पालक निवडत होते. सुरुवातीला नुसतं पिंप, मग गिटारची घरघर, मग धाकटीचा आवाज, "षड्ज कशाशी खातात? षड्ज कशाशी खातात?" मी गाणं मागं नेऊन पुन्हा लावलं. त्यांनी त्या पहिल्या व्हिडिओखालच्या शिव्या, टोमणे, हसणं, सगळं उचलून त्याचं गाणं केलं होतं. आणि ध्रुपद माझं होतं.

मग ते परदेशात गेले, दोनदा. जर्मनीतल्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ आहे. हजारभर गोरी पोरं उड्या मारत 'शड्ज, शड्ज' ओरडताहेत. मी इतकी वर्षं पुढाऱ्यांची नावं गाण्यात बसवली, त्यातलं एकही कुणाच्या ध्यानात नसेल. लोकांच्या तोंडी बसलेलं माझं एकच वाक्य, तेही तिच्या आवाजात, आणि ते माझं आहे म्हणून मी सांगूही शकत नव्हते.

आप्पा पहिलं वर्ष तिच्याशी बोलले नव्हते. पेपरात तिचा फोटो आला आणि त्यांनी तो कापून खिशात ठेवला. ज्याला-त्याला दाखवायचे. आता लग्नात, बारशात मला कुणी भेटलं की म्हणायचं, "परदेशात गाती ती तुमची बहीण ना?" आणि एकदा सत्काराला गेले तर संयोजकांनी माइकवरून माझी ओळख करून दिली, तीही तशीच. त्या दिवशी स्वागतगीतात मी पाहुण्याचं नाव चुकले. आयुष्यात पहिल्यांदाच.

नऊ वर्षं चालला त्यांचा बँड. मोडला तेव्हा पेपरात काही आलं नाही. हलगीवाल्याला मुलगी झाली होती, त्याला घरी राहायचं होतं. गिटारवाल्याचं आणि धाकटीचं पुढचं गाणं कसं असावं यावर एकमत होईना. आणि तिच्या डाव्या कानात सतत शिट्टी वाजायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर हा कान जाईल. ती दोन महिन्यांसाठी माजलगावला आली.

बँड मोडला हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, माझ्या हिशोबानं. थोडा झालाही. पण ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावर अशी काही शांतता होती, की वाटलं, हिचं सगळं करून झालंय आणि माझं अजून सुरूच व्हायचंय.

एक दिवस मुली क्लास संपवून गेल्यावर ती आत आली. इलेक्ट्रॉनिक तानपुरा अजून चालूच होता. ती डावा कान भिंतीकडं करून बसली आणि तिनं सा लावला. अगदी मधोमध, खिळा ठोकल्यासारखा. मी पाहत राहिले. मग तिनं तो केसभर सरकवला. तानपुऱ्याचा स्वर आणि तिचा स्वर यांच्यामधे एक लाट उठली. तिनं आणखी सरकवला, लाट जलद झाली. परत जवळ आणला, लाट संथ झाली.

"इथं बघ ताई, कसं हालतंय," ती म्हणाली. "लहानपणी गुरुजींकडं मी हेच ऐकत हुते. पेटीच्या सुराजवळ गेलं की हालायचं. मला लई मजा वाटायची."

तानपुरा जुळवताना ती लाट आम्हीपण ऐकतो. ऐकतो आणि काढून टाकतो, कारण ती असेपर्यंत तानपुरा जुळलेला नसतो. मी हजार वेळा काढून टाकली होती. ही दहा वर्षांची असताना तिच्यात खेळत होती.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "बंगळुरूचं माझ्यामुळं गेलं. आप्पांना मी खोटं सांगितलं होतं."

"मला माहीत हाय की," ती म्हणाली. "आप्पांनी त्याच दिवशी सांगितलं, ताई म्हणती तिथं सगळे पिऊन येत्यात. तिथं तर चहा हुता."

"मग बोलली का नाहीस? आठ महिने येऊन बसत होतीस माझ्याकडं."

"तू कधी सांगतीस ते बघत हुते." तिनं तानपुरा बंद केला. "आणि ते षड्जाचंपण तूच लिहिलंस ना?"

मी तानपुऱ्याची वायर गुंडाळायला लागले.

"अगं, बाकीच्यांनी नुसत्या शिव्या दिल्यात्या. षड्ज बरोबर लिहिणारी माणसं माजलगावात किती असतील?" ती हसत होती. मग हसायची थांबली. "राग आलता. लई आलता, ताई. अजून थोडा हाय. पण ओळ चांगली हुती."

मला वाटलं होतं, माफी मागितल्यावर माणूस हलकं होतं. मला तसं काही झालं नाही. तिनं नऊ वर्षं ते पोटात ठेवलं आणि त्याचं गाणं केलं. मी तेवढीच वर्षं माझं पोटात ठेवलं आणि त्याचं काहीच केलं नाही.

गिटारवाला आता वडलांचं दुकान बघतो. धाकटी पुण्यालाच असते. मोठ्या आवाजाचं काम तिनं सोडलं. हातात रेकॉर्डर घेऊन हिंडते आणि लोकांचे आवाज जमवते. गेल्या हिवाळ्यात ती साखर कारखाना चालू असताना आमच्याकडं आली. शिरूर कासारकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरल्या होत्या, तिला त्या बायकांच्या हाका टिपायच्या होत्या. मी तिला पहिल्यांदाच विचारलं, "मी येऊ का संगं?"

"ये की. पण गायचं न्हाई," ती म्हणाली.

सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही फडात पोचलो. पाचटावर दव अजून होतं. पुरुष ट्रॉलीवर चढून ऊस रचत होते आणि बायका डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून वर चढत होत्या. एक मावशी मोळी टाकून खाली आली आणि धाकटीच्या हातातला माइक बघून थांबली.

"कावून धरलाय गं ह्यो दांडा?"

"तुमचा आवाज पाहिजे, मावशी."

"माझा?" मावशी हसली. "त्याला काय, घे की मग."

आणि तिनं फडाच्या पार पलीकडं असलेल्या सुनेला हाक मारली. लांबलचक, एका श्वासात, शेवटाला वर उचललेली. पलीकडून तशीच हाक आली. धाकटीनं डोळे मिटले होते. तिचं तोंड किंचित उघडं होतं, आणि चांगला कान आवाजाच्या बाजूला वळलेला. मग तिनं स्वतःच्या डोक्यावरचा हेडफोन काढून माझ्या कानावर घातला. मावशीनं पुन्हा हाक मारली आणि ती माझ्या डोक्यात घुमली, इतकी जवळून की मी दचकले.

मी धाकटीच्या चेहऱ्याकडं बघत होते. एवढ्या वर्षांत माझं गाणं ऐकताना तिचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. त्या बाईच्या पायांत चप्पल नव्हती, पहाटेपासून तिनं किती मोळ्या वाहिल्या असतील, कोण जाणे. आणि मला तिचा हेवा वाटत होता.

मी हेडफोन काढून धाकटीला दिला आणि बांधावर जाऊन बसले.